पुढील संख्येचे अवयव पाडा

१

आमचे हे आजारी पडल्यापासून घरात बोलणं एकतर्फी झालं होतं. तसं ते आधीही एकतर्फीच म्हणा, कारण ह्यांचा स्वभाव मुखदुर्बळ आणि मी तोंडाळ. पण आधी निदान ‘हूं’ तरी यायचं. मग झटका आला, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर शब्द गेले. राहिले ते फक्त आकडे.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. मेंदूत बोलण्याची जागा वेगळी आणि वर्षानुवर्षं घोकलेल्या गोष्टींची वेगळी. काही पेशंट गाणी म्हणतात, काही नुसत्या शिव्या देतात. मी म्हटलं, शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. डॉक्टर हसले. ते हसले म्हणून मीही हसले, आणि घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडून घेतलं.

आकडेच का राहिले याचं मला नवल वाटलं नाही. आम्ही दोघं एकाच छापखान्यात कामाला होतो, आणि तिथे नुसत्या आकड्यांची पुस्तकं छापली जायची. वर्गमुळं, घनमुळं, मोठमोठ्या संख्यांचे अवयव, शिवाय शाळेची गणितं. मी वाचक, हे तपासनीस. मी मूळ प्रतीतून मोठ्यानं वाचायचे आणि ह्यांच्यासमोर छापलेलं प्रूफ असायचं. दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून वाचायचं, अशी पद्धत. मी म्हणायचे ‘अडतीस’, हे प्रूफवर बोट ठेवून म्हणायचे ‘अडतीस’. मी ‘सदुसष्ट’, हे ‘सदुसष्ट’. ओळ जुळली की हे म्हणायचे ‘पुढे’, आणि मी पट्टी खाली सरकवायची. ह्यांनी ‘पुढे’ म्हटल्याशिवाय वाचकानं खालच्या ओळीला हात लावायचा नाही, हा नियम. लोकांची लग्नं पत्रिका बघून जमतात, आमचं ‘पुढे, पुढे’ करता करता जमलं.

तर, दुपारी भरवून झालं, तोंड पुसून झालं, उशी सारखी केली, की हे छताकडे बघत एक संख्या म्हणायचे. ‘अडतीस. सदुसष्ट. चव्वेचाळीस. चाळीस.’ रोज तीच. पावणेचार कोटींच्याही पुढची. फोन नंबर म्हणावा तर आकडे कमी, तारीख म्हणावी तर असा महिना कुठल्या कॅलेंडरात नाही. मी पहिले काही दिवस डोकं खाजवलं, मग सोडून दिलं. कुठल्या तरी जुन्या पानावरची असेल, बसली असेल डोक्यात. हे संख्या म्हणायचे आणि मी शेजारच्या खोलीत जाऊन जरा पडायचे. दिवसाच्या नर्सबाई स्वयंपाकघरात त्यांचा डबा खायच्या. असा आमचा दिनक्रम होता.

२

एका दुपारी संख्या संपल्यावर हे म्हणाले, ‘पुढे.’

मी दारातून मागे फिरले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आकडा नसलेला शब्द. मी ह्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, काय काय बोलले ते आता आठवत नाही. मुलाला फोन केला. तो लांब असतो, कॉम्प्युटरचं काम करतो. तोही खूश झाला, म्हणाला, आई, ही सुरुवात आहे. नर्सबाईंनाही मी कौतुकानं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, होणारच की, तुम्ही रोज इतकं छान वाचून दाखवता. स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं. आवाज कसा खणखणीत आहे तुमचा, शाळेत बाई होतात का?

मी म्हटलं, मी कुठे वाचते? मी तर झोपलेली असते.

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी लाजतेय. मीही विषय वाढवला नाही, कारण माणूस दमला की झोपेत बडबडतो, आणि मी तेव्हा फार दमलेली होते.

त्या संध्याकाळी ह्यांचा डावा पाय हलेना. हाच पाय जरा बरा होता, गुडघ्यात वाकवून पायानं चादर ढकलायचे. आता नुसता पडलेला. डॉक्टर आले, तळव्याला काहीतरी टोचून बघितलं, म्हणाले, दुसरा छोटा झटका आला असावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी संख्या बदललेली होती. ‘एकोणीस. तेहतीस. बहात्तर. वीस.’ मग जरासं थांबून, ‘पुढे.’

आणि तेव्हा मला ती लय कळली. रोज ऐकत होते आणि कळलं नव्हतं, यासारखी थोबाडीत मारून घेण्याची गोष्ट नाही. पाठ असलेली संख्या माणूस सलग म्हणतो. हे सलग म्हणत नव्हते. प्रत्येक जोडीच्या आधी एक मोकळी जागा होती, अगदी एक जोडी मावेल एवढी. ती जागा माझी होती. जन्मभर मी त्या जागेत बोलले होते. हे संख्या आठवत नव्हते, कुणीतरी वाचत होतं आणि हे तपासत होते.

३

अडतीस सदुसष्ट चव्वेचाळीस चाळीस. त्याच्या निम्मे, एकोणीस तेहतीस बहात्तर वीस. हे मला कळायला गोळ्यांच्या पाकिटाची पाठची कोरी बाजू आणि पेन्सिल लागली, पण कळलं. त्याच दिवशी ह्यांचा डावा हात गेला. मी बोट दिलं की तो हात बोट दाबायचा, तेवढंच आमचं बोलणं उरलं होतं. आता मीच तो हात दाबत बसले.

तिसऱ्या दिवशी, ‘नऊ. सहासष्ट. शहाऐंशी. दहा.’ पुन्हा निम्मे. ‘पुढे.’ रात्रीच्या जेवणाला घास घशाखाली उतरेना. नाकातून नळी घातली.

मी वेडी नाही. मी स्वतःला समजावलं, की ह्यांच्या डोक्यात तो छापखानाच शिल्लक राहिलाय. तिथे संख्येचे अवयव पाडायचे म्हणजे असंच करायचं: सगळ्यात लहान संख्येनं भाग जातो का बघायचं, जातो तोवर भागत राहायचं, मग त्याहून मोठी घ्यायची. दोननं, पुन्हा दोननं, मग तीननं. भागता भागता जिला कशानंच भाग जात नाही अशी मूळ संख्या हाती लागते. माणसाला विरंगुळा लागतो, हे पडल्या पडल्या गणित करत असतील. आणि आजार त्याच्या गतीनं वाढतोय, दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध? असं मी स्वतःला सांगितलं आणि मला ते पटलंही.

मग डॉक्टर आले. नळी तपासली, लघवीची पिशवी बघितली, मला बाहेरच्या खोलीत बोलावलं. खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि हळू आवाजात म्हणाले, “मन घट्ट करा. आता एकेक अवयव जाणार.”

मी भिंतीला धरून खाली बसले. त्यांना वाटलं धक्का बसला. धक्का बसलाच होता, पण त्यांना वाटला तो नव्हे. शाळेच्या पुस्तकात प्रत्येक धड्याखाली तेच वाक्य असायचं, ‘पुढील संख्येचे अवयव पाडा.’ आम्ही ते शेकडो वेळा वाचलं होतं, तपासलं होतं, आणि कधी मनातही आलं नव्हतं की हे काय भलतंच वाक्य आहे.

४

मी दुपारची झोप बंद केली. ह्यांच्या खोलीतच दारापाशी उभी राहायचे. खोली छोटी आहे. खिडकीजवळ पलंग, समोर औषधांचं काचेचं कपाट, पलंगाच्या डोक्याशी वेताची खुर्ची. दुपारी इमारतीतले सगळे कामावर गेलेले असतात, पाण्याच्या टाकीची मोटर तेवढी चालते, आणि ती बंद झाली की कानात दडे बसल्यासारखं वाटतं.

मोटर बंद झाली की हे सुरू करायचे. मला मधल्या जागेत काही ऐकू येत नव्हतं. फक्त ‘पुढे’ झाल्यावर एक आवाज यायचा, कागद उलटल्यासारखा. खोलीत कागद नव्हता. मी वर्तमानपत्रंसुद्धा बाहेर नेऊन टाकली होती.

‘चार. त्र्याऐंशी. त्रेचाळीस. शून्य पाच.’ निम्म्याचे निम्मे करत संख्या विषम झाली, म्हणून मला जरा हायसं वाटलं, पण अंकांची बेरीज सत्तावीस. तीननं भाग जाणारच होता आणि गेला. ह्यांची डावी पापणी उघडेना. पुढची संख्या, तिलाही तीननं भाग गेला. मूत्रपिंडं मंदावली. त्याच्या पुढची पाचावर संपणारी, तिथे तर तपासण्यासारखंही काही नव्हतं. ह्यांना ऐकू येणं कमी झालं. मी कानाशी ओरडले तरी डोळा हलायचा नाही. पण दुपारी ज्याचं ऐकायचं त्याचं बरोबर ऐकू यायचं.

मी काय काय केलं, सांगायलाही लाज वाटते. रेडिओ मोठ्यानं लावला. वेताची खुर्ची उचलून जिन्यात ठेवली, आणि त्या दुपारी कागद उलटल्याचा आवाज जरा वरून, उभ्या माणसाच्या उंचीवरून आला, म्हणून घाईघाईनं परत आणून ठेवली. बसलेलं बरं. नर्सबाईंना दुपारी खोलीत बसवलं, तर त्या म्हणाल्या, मी बसते, पण तुम्ही वाचत असताना मला झोप येते हो. मी त्यांच्यासमोर उभी होते आणि माझं तोंड बंद होतं.

मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई, तू जेवलीस का? मी म्हटलं, अरे, जेवणाचं सोड. तो म्हणाला, मी येतो, तिकीट बघतो, तोवर तू झोपेची गोळी घे. चांगला मुलगा आहे. पण चांगुलपणाचा उपयोग नव्हता. मला एक मूळ संख्या हवी होती. जिला दोन, तीन, पाच, सात कुणीच तोडू शकत नाही अशी, अभेद्य. तिथे सगळं थांबेल, असं मी धरून चालले होते, कारण काहीतरी धरून चालायला हवं होतं. ह्यांचं नुसतं धुगधुगतं शरीर राहिलं असतं तरी मला चाललं असतं. मी आयुष्यभर त्याची उशी सारखी केली असती.

५

‘दहा,’ हे म्हणाले. थांबले. पुढची जोडी म्हणाले. थांबले. ‘एकोणतीस.’

मी दारात उभ्या उभ्या पाकिटावर लिहून घेतलं. हे ‘पुढे’ म्हणाले तेव्हा माझं निम्मं लक्ष पाकिटाकडेच होतं. शेवटी नऊ, म्हणजे दोन आणि पाच गेले. अंकांची बेरीज तेवीस, तीन गेला. सातनं भागून बघितलं, बाकी उरली. अकरा, तेरा, सतरा, सगळीकडे बाकी. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर भागाकार करत होते आणि प्रत्येक बाकीला माझा जीव भांड्यात पडत होता.

मुलाला फोन करून संख्या सांगितली, म्हटलं, तुझ्या कॉम्प्युटरला विचार. त्यानं क्षणात सांगितलं. मूळ संख्या आहे, आई. एक आणि ती स्वतः, बाकी कुणाचा भाग जात नाही. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा.

त्या दिवशी मी आंघोळ केली, केस धुतले. नर्सबाईंना म्हटलं, आज तुम्ही लवकर जा, मी आहे. ह्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि भरपूर बोलले. तुम्ही मुळात हट्टी, म्हटलं, शेवटी अडूनच बसलात ना, शाब्बास. शेजारच्या खोलीत जाऊन झोपले ती संध्याकाळपर्यंत.

उठून आले तेव्हा ह्यांचा उजवा डोळा उघडा होता, पण तो माझ्याकडे वळत नव्हता. आजवर मी खोलीत कुठेही गेले तरी तो मागे यायचा. मी पलंगाच्या या बाजूनं गेले, त्या बाजूनं गेले, डोळ्यापुढे हात हलवला. कपाटाकडे बघावं तसं हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, थकलेत. झोपू दे.

६

दुसऱ्या दुपारी मी खरं तर दारात उभी राहणारच नव्हते. पण गेले, आणि ऐकलं.

‘एक. त्रेपन्न. सत्तेचाळीस.’

कालची संख्या लाखाच्या वर होती. ही पंधरा हजारांवर आलेली. मी धावले आणि ह्यांच्या तोंडावर हात दाबला. ओठ गार होते. माझ्या तळव्याखाली ते हलले, सावकाश, आणि मला हाताला कळलं की त्यांनी काय म्हटलं. कागद उलटला.

त्यांच्या छातीतून घरघर सुरू झाली. मी डॉक्टरांना फोन केला आणि ते येईपर्यंत ओट्यावर बसून उलटा गुणाकार केला. पंधरा हजार तीनशे सत्तेचाळीस गुणिले सात. उत्तर आलं: दहा, चौऱ्याहत्तर, एकोणतीस. माझ्या पाकिटावर लिहिलेलं होतं दहा, सत्तेचाळीस, एकोणतीस.

हे चौऱ्याहत्तर म्हणाले होते. मी ‘चौ’ ऐकलं आणि चार लिहिला, ‘हत्तर’ ऐकलं आणि पुढे सात लिहिला. पहिलीतली पोरं करतात ती चूक. आपण आकडा उलटा बोलतो, एकं आधी आणि दहं नंतर, म्हणून चार लिहिल्यावर त्याच्या डावीकडे सातासाठी परत यायचं असतं. मी आयुष्यभर आकडे वाचले, ऐकून लिहिले कधी नाहीत. लिहिणं-तपासणं ह्यांच्याकडे होतं. मी चुकले असते तर ह्यांनी मला थांबवलं असतं, नेहमीच थांबवायचे. अंक तेच, बेरीज तीच, तेवीस. नुसती जागा बदललेली. माझी संख्या अभेद्य होती आणि ह्यांची मोडत होती, आणि मी केस धुऊन झोपले होते.

डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला. म्हणाले, दवाखान्यात हलवण्यात आता अर्थ नाही, वाटेतच काही झालं तर तुम्हालाच वाईट वाटेल. फुप्फुसं दमलीत. हृदय मात्र दणकट आहे, ते चाललंय. मुलाला बोलवून घ्या. मुलगा निघाला होता, उद्या रात्रीपर्यंत पोचणार होता.

ते गेल्यावर मी पुन्हा भागायला बसले. पंधरा हजार तीनशे सत्तेचाळीस बराच वेळ दाद देत नव्हती, शंभराच्या आतल्या सगळ्यांना तिनं परत पाठवलं. एकशे तीननं मात्र भाग गेला. राहिले एकशे एकोणपन्नास. ती तपासायला कॉम्प्युटर लागत नाही, अकरापर्यंत भागून बघितलं की झालं. एकशे एकोणपन्नास ही मूळ संख्या आहे, आणि तेव्हा मला कळलं की मूळ संख्येवर काही थांबत नसतं. मूळ संख्येला तिनं स्वतःनं भाग जातो. पुस्तकात शेवटच्या ओळीला नेहमी एकच उरलेला असायचा. हे मला माहीत होतं. मला ते माहीत नसायला हवं होतं.

७

सकाळी मी नर्सबाईंना घरी पाठवून दिलं. ह्यांचं अंग पुसलं, दाढी केली, चादर बदलली. मग वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. ती जागा मी सोडणार नव्हते. वाचकाला बसायला जागा नाही तर वाचणार कुठून, एवढा साधा विचार. दुसरा माझ्याकडे उरलाच नव्हता.

ह्यांचा हात हातात घेतला. ऑक्सिजनचं यंत्र फुसफुसत होतं. ऊन खिडकीतून पलंगाच्या पायथ्याशी आलं, मग ह्यांच्या गुडघ्यांवर. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, तर जिभेवर पाढेच येत होते. पाण्याच्या टाकीची मोटर चालू झाली. मी मनात म्हटलं, बाई गं, बंद होऊ नकोस. टाकी भरून वाहू दे, सगळा जिना भिजू दे. मोटर बंद झाली.

“एक,” असं कुणीतरी म्हणालं.

यावेळी मला ऐकू आलं. आवाज स्वच्छ, खणखणीत, तरुण बाईचा. आवाज ओळखीचा होता आणि तरी परका, टेपवर आपलाच आवाज ऐकला की वाटतो तसा. तो कोपऱ्यातून आला नाही, मागून आला नाही. मी बसले होते तिथून आला, माझ्या तोंडाच्या उंचीवरून. मी दुसऱ्या हातानं माझे ओठ चाचपले. ते मिटलेले होते.

“एक,” हे म्हणाले.

मी समोर कपाटाच्या काचेत बघितलं. काचेत मी खुर्चीत बसलेली होते. ह्यांचा हात मी धरलेला नव्हता. माझ्या दोन्ही हातांत कागद होता आणि त्यावर आडवी धरलेली पट्टी, आणि मी मान खाली घालून पुढची जोडी बघत होते. मान वर करणार असं वाटलं, तशी मी डोळे गच्च मिटले.

पुढची जोडी एकोणपन्नास. ती वाचली जाणार, हे ती म्हणणार, मग ‘पुढे’ म्हणणार, आणि हा हात माझ्या हातात गार होणार. मुलगा रात्री येणार आणि मी त्याला काय सांगणार? मला ह्यांच्याशिवाय घरात वावरता येत नाही, साधी गोष्ट आहे. मी तोंडाळ बाई आहे, मला बोलायला माणूस लागतं, मग ते ऐको न ऐको.

मी म्हटलं, “ह्यांना सोड. माझी वाच.”

बराच वेळ काही झालं नाही. यंत्र फुसफुसत होतं. मग कागद उलटला, एकदा, पुन्हा एकदा, कुणी पान शोधावं तसा. आणि मग पहिली जोडी आली.

मी ती परत म्हटली. माझा आवाज फाटला, पण म्हटली. दुसरी जोडी आली, तीही म्हटली. माझी संख्या ह्यांच्यापेक्षा लांब होती. कोटी कधीच मागे पडले आणि जोड्या येतच राहिल्या. मी एकही लक्षात ठेवली नाही, लक्षात ठेवणं माझं काम कधी नव्हतंच. नुसती म्हणत गेले, डोळे मिटून, ह्यांच्या बोटांना घट्ट धरून. शेवटची जोडी म्हणून झाली, आणि सवय ही इतकी वाईट, की ओळ संपल्याबरोबर माझ्या तोंडून आपोआप निघालं, “पुढे.”

कागद सरकला.

माझ्या हातातलं बोट हललं. मला वाटलं, भास झाला. मग ते बोट पुन्हा हललं आणि माझं बोट त्यानं दाबलं. मी डोळे उघडले. ह्यांची मान माझ्याकडे वळली होती. दोन्ही डोळे माझ्यावर होते, ओळखीचे, ओले. छातीतली घरघर थांबली होती. ओठ हलत होते, जुळवाजुळव करत होते, आणि मी वाकून कान जवळ नेला. सगळ्या आजारात ऐकलेलं ह्यांचं पहिलं वाक्य ते.

“सम आहे गं ती,” हे म्हणाले.

मी हसले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. म्हटलं, असू दे हो. बोललात ना तुम्ही. आणखी बोला. ह्यांनी माझा हात सोडला नाही, नुसती मान हलवत राहिले, नको, नको म्हणून. मी म्हटलं, असं काय करता, थांबा, मुलाला फोन करते, आधी तुम्हाला पाणी आणते. आणि मी डावा पाय टेकून उठायला गेले.